'नूम्पेर' : अंपायरचा हरवलेला न

कोशातला किडा

गेल्या रविवारची गोष्ट. सोसायटीच्या पटांगणात पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं आणि मी कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. एक पोरगा धावबाद झाला की नाही, यावरून हमरीतुमरी सुरू झाली. अंपायर अर्थातच बॅटिंगवाल्यांचाच, गल्लीत दुसरा येणार कुठून? तो "नॉट आऊट" म्हणताच बोलिंगवाले उसळले. पाच मिनिटं नुसता कल्ला. शेवटी एक चष्मिस पोरगी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "त्या काकांना विचारा ना, ते कोणाच्याच टीममध्ये नाहीत."

माझं सगळं लक्ष शेंगांकडे होतं. पण "कोणाच्याच टीममध्ये नाहीत" हे कानावर पडलं आणि एक मेलेला शब्द डोक्यात जागा झाला. नूम्पेर. (पोराला बाद दिलं. त्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही.)

आजच्या इंग्रजीत नूम्पेर कोणी बोलत नाही, लिहीत नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकात मात्र तो चांगला चालता शब्द होता. आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे 'नॉन' म्हणजे नाही आणि 'पेर' म्हणजे सम, जोडीचा. 'नॉनपेर' म्हणजे जो जोडीत बसत नाही तो, विषम. दोघांचं भांडण जुंपलं, दोघे बरोबरीचे, कोणी मागे हटेना, की ज्याला बोलवायचं तो तिसरा. तो निःपक्षपाती असतो की शहाणा असतो, याबद्दल शब्द अवाक्षर काढत नाही. तो एवढंच सांगतो की हा माणूस आला की आकडा विषम होतो. मला हा हिशेबीपणा फार आवडतो.

त्याच 'पेर'ची बाकी पिल्लावळ इंग्रजीत सुखाने नांदते आहे. बरोबरीचा तो पीअर, जोडी ती पेअर, गोल्फमधला पार तोच. ज्याच्या तोडीचं कोणी नाही तो नॉनपरेल, म्हणजे अगदी नूम्पेरचा सख्खा चुलतभाऊ. नूम्पेर तेवढा गेला.

गेला म्हणजे कसा, ते सांगतो. इंग्रजीत 'एक' या अर्थाचा जो टिकला नामाच्या कपाळी असतो, तो व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन' होतो. 'अ नूम्पेर' असं कोणी भरभर म्हटलं तर ऐकणाऱ्याला कसं कळणार की तो न नामाचा आहे की टिकल्याचा? कोणी 'अ नूम्पेर' ऐकलं, कोणी 'अन ऊम्पेर'. लिहिणारेही कानानेच लिहीत होते. पंधराव्या शतकात दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिसतात. मग न-वालं रूप मागे पडलं, उरलेल्याचं स्पेलिंग शे-दीडशे वर्षं वाटेल तसं भटकलं आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या 'अंपायर'वर स्थिरावलं. शेक्सपिअरची ज्युलिएट फ्रायरसमोर (म्हणजे धर्मगुरूसमोर) सुरी काढून म्हणते, माझ्या नि माझ्या संकटाच्या मध्ये आता हीच अंपायर. तोवर न पुरता गळालेला होता.

गंमत अशी की तो न गळाला आणि त्याच्याबरोबर अर्थही गळाला. नूम्पेरमध्ये 'नाही' उघड ऐकू येत होतं. अंपायरमध्ये काहीच ऐकू येत नाही. आपल्याकडची पोरं तर बिनदिक्कत 'एम्पायर' म्हणतात, आणि साम्राज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता या शब्दाचं मला सर्वात आवडतं दर्शन. विल्यम लँगलंड नावाच्या कवीचं 'पिअर्स प्लाउमन' हे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं दीर्घकाव्य आहे. त्यात सात महापापं माणसांचं रूप घेऊन येतात. त्यांतला खादाडबुवा पापाची कबुली द्यायला चर्चकडे निघतो आणि वाटेत बेटी कलालीण त्याला हाक मारते. चर्च राहिलं बाजूला. आत गुत्त्यात चांभार, कसाई, दोरवाला, घोड्यांची देखभाल करणारा, असं सगळं गाव जमलेलं. तिथे 'नवा बाजार' नावाचा खेळ लागतो. क्लेमंट चांभार आपला झगा काढून टाकतो, हिक अश्वपालक आपली डोईवरची टोपडी टाकतो. दोन्ही वस्तूंची अदलाबदल करायची, आणि ज्याला हलकी वस्तू मिळेल त्याला वरची भरपाई. झग्याची किंमत जास्त की टोपडीची, आणि किती जास्त, हे ठरवायला बाजाराची माहिती असलेली माणसं नेमतात. ती बाजूला जाऊन कुजबुजतात, भाव करतात, आणि त्यांचं काही केल्या जमत नाही. मग सगळे रॉबिन दोरवाल्याला उठवतात आणि त्याला 'नूम्पेर' नेमतात, तंटा वाढू नये म्हणून.

शब्द नोंदला गेला तो असा, गुत्त्यात, जुन्या झग्याच्या भावावरून. न्यायदेवता नाही, तराजू नाही, एक दोरवाला.

गल्ली_ओपनर

मस्त धागा! पण एक शंका. क्रिकेटमध्ये मैदानावर अंपायर दोन असतात. दोन म्हणजे सम. मग तुमचा 'विषम' गेला कुठे?

कोशातला किडा

गल्ली_ओपनर, याच प्रश्नाची वाट बघत होतो.

अठराव्या शतकात हा शब्द खेळांत शिरला. १७४४ साली लंडनमध्ये क्रिकेटचे नियम लिहून काढले गेले, त्यात दोन टोकांना दोन अंपायर आहेत आणि आपापल्या यष्टीपुरता प्रत्येक जण एकटा धनी आहे. म्हणजे दोघांनी मिळून निकाल द्यायचा नसतो, त्यामुळे मतं फुटण्याचा प्रश्न येत नाही. आपापल्या टोकाला प्रत्येक जण विषमच. ही झाली सारवासारव. खरी गोष्ट अशी की तोवर शब्दाचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता, नाहीतर दोन नूम्पेर उभे करताना कोणीतरी हसलं असतं. त्या काळी दोन्ही बाजू आपापला एक अंपायर आणत. म्हणजे तुमच्या गल्लीतली पद्धत, फक्त दोन्हीकडून.

तिरपा डोळा

आणि मग अडीचशे वर्षांनी तिसरा आणावाच लागला! नोव्हेंबर १९९२, डर्बन, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. कसोटी क्रिकेटमध्ये टीव्हीचा रिप्ले बघून बाद दिला गेलेला पहिला फलंदाज आपला सचिन. धावबाद. पॅव्हेलियनमध्ये बसलेले तिसरे अंपायर कार्ल लिबेनबर्ग. मी तेव्हा नववीत होतो. निकाल यायला वेळ लागला तर आजोबा म्हणाले, "मैदानावरच्यांना डोळे नाहीत का?"

म्हणजे धागाकर्त्यांच्या हिशेबाने 'थर्ड अंपायर' ही द्विरुक्ती झाली की. तिसरा तिसरा. 'पाव-ब्रेड' किंवा 'गोल सर्कल'सारखं.

कोशातला किडा

तिरपा डोळा, हे मला सुचायला हवं होतं. तुमचंच राहू द्या.

पिठलंभात

धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे आपल्याकडे आधीच आहे, आणि मग ट्यूब पेटली. अहो, 'पंच'! अंपायरला मराठीत पंच म्हणतो आपण. पाच. तोही विषमच! आणि आपल्या शब्दाचं अक्षरही गळालेलं नाही, आकडा कपाळावर घेऊन फिरतोय.

फक्त आपण इतके सरावलोय की दिसत नाही. एका माणसाला 'पाच' म्हणतो आणि वर आदरार्थी बहुवचन लावतो, "पंचांनी बाद दिलं". उभा असतो एकच बापुडा. पाचामुखी परमेश्वर म्हणतात त्यातले चार गेले कुठे?

शंकासुर

माझ्या मते एवढं फिरायची गरजच नाही. 'नॉन-पेर' म्हणजे सरळसरळ संस्कृत 'न पर'. ज्याला कोणी परका नाही तो. शब्द आपलाच आहे, फ्रेंचांनी नेला, इंग्रजांनी मोडला. पण हे सांगितलं की लोक हसतात.

कोशातला किडा

शंकासुर, हसत नाही, अर्धे गुण देतो. लॅटिन 'नॉन'च्या पोटात जुनं 'ने' अधिक 'एक' आहे, म्हणजे 'एकही नाही'. त्यातला 'ने' आणि आपला 'न' ही खरोखर एकाच आजीची नातवंडं. पण नातवंडं म्हणजे एकाने दुसऱ्याचं चोरलं असं नव्हे. 'पेर' मात्र लॅटिन 'पार', म्हणजे समान. संस्कृत 'पर'शी त्याची सोयरीक फक्त ऐकण्यापुरती.

पिठलंभात, तुमच्या प्रतिसादावर सविस्तर लिहायचंय. रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

ओस्लोकर

इथे नॉर्वेत राहून एक भर घालतो. विषम संख्येला इथे 'ऑद्देताल' म्हणतात आणि सम संख्येला 'पारताल'. त्यातला 'पार' म्हणजे तुमचा 'पेर'च. आणि 'ऑद्दे' म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. माझ्या मुलीला दोन्ही शब्द एकाच आठवड्यात शाळेत शिकवले, तेव्हा मी विचारात पडलो की टोकाचा आणि विषमाचा काय संबंध? तर असं की, त्रिकोणाचे पायाचे दोन कोपरे जोडीने बसतात आणि तिसरा वर टोक काढून एकटा. म्हणून तिसरा, जोडी नसलेला, विषम. जुन्या नॉर्समध्ये 'ऑद्दामाद्र' असा शब्दच होता, विषम माणूस. मतं समसमान पडली की ज्याच्या मताने पारडं झुकतं तो. इंग्रजीतला 'ऑड' त्याच घरातून आलेला.

म्हणजे उत्तरेकडच्या लोकांनी 'विषम माणूस' केला, फ्रेंचांनी 'सम नसलेला' केला, आपण 'पाच' केले. तिघांनाही माणसाच्या सद्गुणाआधी मोजणीच सुचली.

नागपुरी संत्रं

वाचून मजा आली राव. एक विचारतो, ते 'ऑरेंज' बी असंच झालं म्हणतात ना? 'अ नारिंज'चं 'अन ऑरेंज'? व्हॉट्सॅपवर दर हिवाळ्यात येते ही पोस्ट.

लियाँची सून

नागपुरी संत्रं, त्या पोस्टमधला गुन्हा खरा आहे, आरोपी चुकीचा. न गळाला हे बरोबर, पण तो इंग्रजीत नाही गळाला. शब्द आपल्याकडून निघाला, नारंग. फारसीत नारंग, अरबीत नारंज. स्पेनमध्ये अजून 'नारांखा' आहे, न शाबूत. पोर्तुगालमध्ये न चा ल झाला, 'लारांज'. इटली-फ्रान्सकडे तो गळाला, कारण तिथेही 'एक' या शब्दाच्या शेवटी न असतोच, आणि फ्रेंचमध्ये 'ऑर' म्हणजे सोनं, त्यामुळे सोनेरी फळाला 'ओरांज' म्हणणं गोडच वाटलं असणार. इंग्रजांना फळ मिळालं ते न काढूनच.

इकडे फ्रान्सात सम-विषम अजून 'पेर-अँपेर'च. रस्त्याच्या एका बाजूला सम घरक्रमांक, दुसऱ्या बाजूला विषम, आणि आमच्या गल्लीत गाडी कुठल्या बाजूला लावायची ते पंधरवड्याप्रमाणे बदलतं. पुण्यातल्या पी वन, पी टूची आठवण येऊन डोळे भरून येतात. पण खेळातल्या पंचाला मात्र इथे 'आर्बित्र' म्हणतात. नूम्पेर ज्यांनी दिला त्यांच्याकडेही तो उरला नाही.

आणखी एक न गळालेला फ्रेंच शब्द सांगते, तो माझा लाडका. फ्रेंचमध्ये मेजावरच्या कापडाला 'नाप' म्हणतात. त्याचं छोटं रूप 'नापरों'. ते इंग्रजीत 'नेप्रन' म्हणून आलं. 'अ नेप्रन'चं 'अन एप्रन' झालं आणि तोच आपला ॲप्रन. नॅपकिनमध्ये मात्र न टिकला. आता या 'नाप'च्या मागे जा, लॅटिनमध्ये तो 'माप्पा', म्हणजे रुमाल, कापड. त्यावर जगाचं चित्र काढलं तो मॅप. म्हणजे मॅप, नॅपकिन आणि ॲप्रन ही तीन भावंडं. आणि रोममध्ये रथांच्या शर्यतीत हाच माप्पा वरून खाली टाकला की शर्यत सुरू! खेळाचा विषय निघालाय म्हणून सांगितलं.

पिठलंभात

लियाँची सून, दंडवत स्वीकारा. आमच्या मेडिकलच्या पोरी पांढऱ्या कोटाला ॲप्रन म्हणतात. त्यांना सांगते आता, नकाशा घालून फिरताय म्हणून.

गल्ली_ओपनर

मग मराठीत असं तुटणं-जुळणं का होत नाही?

तिरपा डोळा

होत नाही? गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' कोण करतं? मी दहावीपर्यंत समजत होतो की गणपती फळीवर ठेवलाय आणि त्याला वंदन आहे. आमच्या घरी तो खरंच फळीवर असायचा, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

कोशातला किडा

तिरपा डोळा, नेमकं हेच. चूक टिकते कारण ती परिस्थितीत फिट बसते. फरक एवढाच की आरती छापलेली आहे, कोणीतरी कधीतरी पुस्तक उघडून आपल्याला लाजवतं. नूम्पेर म्हणणाऱ्या चांभाराला पुस्तक कोण दाखवणार होतं? आणि मराठीत 'एक' या अर्थाचा असा चिकट टिकला नामापुढे नसल्यामुळे रोजच्या बोलण्यात हा अपघात आपल्याकडे कमी.

इंग्रजीत उलटा अपघातही झालाय, न चिकटण्याचा. 'ईक' म्हणजे आणखी, जादा. 'अन ईकनेम' म्हणजे जादाचं नाव. त्याचं 'अ निकनेम' झालं. 'न्यूट' नावाच्या पाण्यातल्या पालीसारख्या प्राण्यालाही असाच फुकटचा न मिळाला. उलट 'ॲडर' नावाच्या सापाचा गेला, तो मुळात 'नॅड्र'. एकूण ताळेबंद जवळपास जुळतो म्हणा.

आता पंच. पिठलंभात, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला एक पदर आहे. मराठेशाहीत गोतसभा किंवा पंचायत बसण्याआधी वादी-प्रतिवादी दोघांकडून लिहून घेत, की पंच जो निवाडा करतील तो आम्ही मान्य करू. त्या कागदाला म्हणत 'राजीनामा'. राजी असल्याचं पत्र. आज कोणी नाराज होऊन खुर्ची सोडतो त्याला आपण राजीनामा म्हणतो. १८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात त्याने पंचायतीचे दोषही सांगितले, पण इथल्या न्यायाचं मुख्य साधन तीच, हेही लिहिलं.

मला गुत्त्यातला प्रसंग वाचताना हेच दिसतं. रॉबिनकडे कसलाही अधिकार नाही. शिपाई नाही, दंड नाही. दोन्ही बाजू राजी आहेत एवढंच त्याचं बळ. त्याच काळात, १३८०च्या दशकात, लंडनचा टॉमस अस्क नावाचा लेखक लिहून गेला की देव आणि मानवजात यांच्यातलं भांडण मिटवायला एका कुमारिकेला नूम्पेर निवडलं. म्हणजे मेरीला. दोरवाल्यापासून थेट मेरीपर्यंत! त्या काळी इंग्लंडात कोर्टाबाहेर तंटे मिटवण्यासाठी 'लव्ह-डे' म्हणून दिवस ठरवत, अस्कने तोही शब्द त्याच वाक्यात घातलाय. स्वतः अस्कला राजकारण भोवलं, १३८८ साली त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याच्या वेळी कोणी नूम्पेर आला नाही.

वकीलकाकू

इतका वेळ गप्प राहून वाचत होते, आता राहवत नाही.

कोशातला किडा, तुमचा नूम्पेर तेव्हा मेला नव्हता हो. तो १९९६ पर्यंत आमच्या कायद्यात लपून बसला होता. १९४० च्या लवाद कायद्याचं पहिलं परिशिष्ट बघा. लवाद सम संख्येने नेमले असतील तर त्यांनी नेमणुकीपासून एका महिन्याच्या आत एक अंपायर नेमायचा. क्रिकेटशी संबंध नाही, हा कायद्यातला अंपायर. आणि त्याने मध्ये कधी पडायचं? लवादांनी मुदतीत निवाडा दिला नाही, किंवा आमचं जमत नाही असं त्यांनी लेखी कळवलं, की मगच. तोवर त्याने गप्प बसायचं. हा तुमचा रॉबिन दोरवालाच की! झग्याचा भाव ठरवणाऱ्यांचं फिसकटेपर्यंत तो पीत बसला होता.

पण खरी मौज पुढे आहे. १९९६ साली नवा कायदा आला आणि जुना गेला. त्याचं कलम १० सांगतं की लवाद किती असावेत हे पक्षकारांनी ठरवावं, मात्र ती संख्या सम नसावी. 'विषम असावी' असं लिहिलेलं नाही, 'सम नसावी'! नॉन-पेर! ज्याने मसुदा केला त्याला चौदाव्या शतकातली इंग्रजी येत असेल असं वाटत नाही, पण तुमच्या शब्दाची व्याख्या जशीच्या तशी कलमात उतरली. आणि ही तरतूद आली तेव्हा तो अंपायर कायद्यातून गेला, कारण मुळातच आकडा विषम ठेवला तर त्याची गरज काय?

शंकासुर

काकू, म्हणजे दोघांनी निवाडा दिला तर तो रद्द?

वकीलकाकू

तसं वाटतं खरं, पण २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षकारांनी वेळेत हरकत घेतली नसेल आणि दोघांचं एकमत असेल, तर नंतर हरल्यावर 'संख्या सम होती' म्हणून ओरडता येणार नाही. व्यवहारी निकाल आहे. दोघांचं पटलं तर तिसरा कशाला?

आणि पटलं नाही तर काय होतं ते आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात पाहिलंत. सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खरी की खोटी हे ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या फॅक्ट चेक युनिटच्या नियमावर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. प्रकरण तिसऱ्यांकडे, न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं. सप्टेंबरमध्ये त्यांनी नियमाविरुद्ध मत दिलं आणि नियम पडला. कोर्टात त्यांना कोणी नूम्पेर म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं.

ओस्लोकर

ऑद्दामाद्र!

तिरपा डोळा

काकू, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो. इथे वाहून जाईल.

पिठलंभात

मला अजून एक खटकतंय. आपल्याकडे 'त्रयस्थ' आहे, 'तिऱ्हाईत' आहे. दोन्हीत तीन आहे. पण तिऱ्हाईत म्हटलं की कसं थंड वाटतं, "तिऱ्हाइतासारखं वागतोस" असं आई रागावून म्हणायची. आणि त्रयस्थ म्हटलं की एकदम विश्वास. तीन तोच, मान वेगळा. ज्याला भांडणात हवाहवासा म्हणून बोलवायचं, त्यालाच घरात परका म्हणायचं?

कोशातला किडा

पिठलंभात, याला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित कामाशी संबंध असावा. त्रयस्थाला आपण बोलावतो, तिऱ्हाईत आपला आपण येतो. त्रयस्थ पंचांवरून आठवलं. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत दोन्ही पंच भारतीय होते, व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. यजमानांचे पंच यजमानांच्या बाजूने झुकतात, ही तक्रार इतकी जुनी झाली होती की तिऱ्हाईत देशाचे बोलवावे लागले. आणि पाकिस्तानने बोलावले कोणाला, तर भारतीयांना. यापेक्षा मोठा राजीनामा मला तरी माहीत नाही. जुन्या अर्थाने.

गल्ली_ओपनर

काका, सगळं झालं, पण त्या झग्याचं काय झालं ते सांगितलंच नाहीत! निकाल काय लागला?

कोशातला किडा

अरे हो. रॉबिनने निकाल दिला तो असा. झगा हिकला मिळाला. हिकची टोपडी क्लेमंट चांभाराला. झगा महाग ठरला, म्हणून क्लेमंटला वरून पेला भरून मिळावा. आणि या सौद्याचा ज्याला आधी पस्तावा होईल त्याने उठून खादाडबुवाला गॅलनभर एल, म्हणजे बिअर, पाजावी. म्हणजे तक्रार करायची सोयच ठेवली नाही.

वकीलकाकू

खर्चासह दावा निकाली. आणि दोरवाल्याची फी?

कोशातला किडा

कवीने लिहिलेली नाही. पण गुत्त्यातच बसला होता, कोरडा उठला नसावा.